काचेमागच्या मुखवट्यांची पाठ दाखवा

प्रति,
आफ्रिकेतले गळ्यातले, कमरेचे आणि कनवटीचे मुखवटे ज्यांच्या काचेच्या कपाटांत आहेत, त्या युरोप-अमेरिकेतल्या संग्रहालयांचे विश्वस्त आणि क्युरेटर मंडळी यांस,

स. न. वि. वि.

पत्र मराठीत लिहितोय, कारण दुसऱ्या कुठल्या भाषेत मला धड भांडता येत नाही. मुलगी भाषांतर करून तुमच्याकडे पाठवेल. तोवर आमची माणसं वाचतील. दरवर्षी युरोप टूरवर येऊन तुमची दालनं तासाभरात धावत संपवणारी मराठी माणसं काही थोडीथोडकी नाहीत, त्यांच्याही कानावर हे गेलेलं बरं.

मी कोल्हापूरचा सोनार. गुजरीत आमचं दुकान आजोबांपासून. आता गल्ल्यावर मुलगा बसतो आणि मी मागच्या खोलीत, डोळे साथ देतील तेवढं काम करतो. मुलगी-जावई इंग्लंडात असतात, त्यामुळे दोनदा तुमच्याकडे येणं झालं. माझी एक खोड आहे. दागिना हातात आला की मी तो आधी उलटा करतो. पुढून गिऱ्हाईक बघतं, सोनारानं मागून बघायचं. कडी कशी जोडलीय, झाळ नीट बसलीय का, दोऱ्यानं भोक वरच्या अंगाला खाल्लंय की नाही, सगळं पाठीवर लिहिलेलं असतं. दागिना घातला होता की नुसता पेटीत पडून होता, हे मी पाठ बघून सांगतो. पंचेचाळीस वर्षं तेच केलंय.

गेल्या खेपेला एका संग्रहालयात (नाव घेत नाही, दुसरीकडेही असंच पाहिलंय) काचेमागे ओळीनं आठ चेहरे मांडलेले होते. प्रत्येक माझ्या अंगठ्याएवढा, हस्तिदंताचा. खाली पाटी: लोलक, मानवी चेहरा, हस्तिदंत, काँगो. संपलं. काचेला नाक लावून पाठ दिसते का ते बघत होतो, तेवढ्यात रखवालदार आला आणि हसत हसत मागे सरका म्हणाला. भला माणूस होता. घरी आल्यावर मुलीनं त्याच संग्रहालयाच्या वेबसाइटवर त्यातल्या एकाची नोंद काढून दिली. तिथं एक ओळ जास्तीची होती: ‘चेहरा झिजलेला. स्थिती मध्यम.’

ते ‘मध्यम’ माझ्या डोक्यात बसलं. त्यापायीच गेले आठ महिने वाचतोय, मुलीला पुस्तकं मागवायला लावतोय, आणि शेवटी हे पत्र.

ते चेहरे पेंडे लोकांचे. किन्शासावाल्या काँगोच्या नैर्ऋत्येला, क्विलू आणि कासाई नद्यांच्या बाजूला त्यांचा मुलूख. त्यांच्या नाचातले मोठे लाकडी मुखवटे जगप्रसिद्ध आहेत, म्बुया म्हणतात त्यांना. हे चिमुकले चेहरे म्हणजे त्या मुखवट्यांचीच बोटभर रूपं. त्यांचं नाव इखोको. जड, अर्धवट मिटलेल्या पापण्या, मधोमध एकाच रेघेत जुळलेल्या भुवया, शेंड्याला वर उचललेलं नाक, कुणाला छातीपर्यंत दाढी. हस्तिदंताचे असतात, हाडाचे असतात, लाकडाचेही असतात. आजारपण हटेना, पूर्वजांपैकी कुणीतरी रुसलंय असं जाणत्यानं सांगितलं, की इखोको कोरून घ्यायचा आणि गळ्यात घालायचा. मेलेल्या माणसाची आठवण जिवंत माणसाच्या छातीवर राहते, मग तो मेलेला त्रास न देता राखण करतो. आमच्याकडे देवऋषी सांगतो आणि मग घरात पितरांचा टाक बसतो, त्यातलंच काहीसं. पुरतं तसं नाही, त्याकडे येतो.

आता झिजेचं सांगतो. पेंडे माणसाला हस्तिदंत पांढराशुभ्र लागतो. तुमच्या लिलावांत मधाच्या रंगाला, जुनाट पिवळेपणाला भाव येतो. त्याला तो रंग म्हणजे मळ. म्हणून अंघोळ करताना अंगाबरोबर गळ्यातला इखोकोही बारीक वाळूनं घासायचा. रोज. वाळू आणि हस्तिदंत यांत कोण हरणार हे सांगायला सोनार लागत नाही. आधी नाकाचा शेंडा जातो, मग ओठ, मग भुवयांची रेघ पुसट होते, आणि वीस-तीस वर्षांनी गळ्यात एक गुळगुळीत लांबोळका खडा उरतो. ज्याला ठाऊक आहे त्यालाच त्यात चेहरा दिसतो. पेंडे समाजात राहून अभ्यास केलेल्या झेड. एस. स्ट्रॉदर या बाईंनी हे सविस्तर लिहून ठेवलंय. म्हणजे ही माहिती तुमच्याच लायब्रऱ्यांत आहे. तिथून पाटीपर्यंत ती पोचत नाही, एवढीच माझी तक्रार.

‘स्थिती मध्यम’ लिहिणाऱ्यानं तो इखोको कपाटातून पडून झिजला असं समजून ते लिहिलं असावं. प्रत्यक्षात त्या झिजेत एका माणसाच्या हजारो सकाळी आहेत. ज्याचं नाक अजून टोकदार आहे तो विकण्यासाठी कोरलेला तरी असेल, नाहीतर मालकाकडून लवकर सुटलेला तरी. तुम्ही मात्र त्या टोकदार नाकवाल्याला मधोमध दिवा लावून बसवता आणि झिजक्याला कोपऱ्यात ठेवता.

आमच्या दुकानात दसरा-दिवाळीच्या आधी आणि घरात लग्न ठरलं की बायका देव घेऊन येतात. देव म्हणजे टाक, चांदीच्या पत्र्यावर ठशानं उठवलेले: जोतिबा, खंडोबा, तुळजाभवानी. पन्नास-साठ वर्षं रांगोळीनं, चिंचेनं घासून आणि हळद-पाण्यानं पत्रा कागदासारखा होतो. जोतिबाचा घोडा कुठला आणि जोतिबा कुठला ते कळत नाही. बाई म्हणते, ‘मामा, देव झिजले.’ देव खराब झाले असं कुणी म्हणत नाही. आम्ही नवे टाक उठवून देतो. जुन्याचं काय करायचं यावर घरोघरी मत वेगळं: कुणी नव्यात आटवून घेतं, कुणाचा हात होत नाही, ते पंचगंगेत सोडतात. पण झीज म्हणजे दोष, हे माझ्या आयुष्यात एकाही गिऱ्हाइकानं म्हटलेलं नाही. आमच्या आईच्या देवघरातली भवानी तर एवढी पुसली होती की नुसते दोन उंचवटे उरले होते, डोळ्यांच्या जागी. ती आईला बरोबर ओळखू यायची.

टाक आणि इखोको एकच, असं मला म्हणायचं नाही. टाक देवघरात बसतो, इखोको माणसाबरोबर हिंडतो. टाकावर बहुतेक देव असतो, इखोकोमागं घरातलं गेलेलं माणूस. ‘सगळ्या जगाची श्रद्धा एकच’ असली गोड वाक्यं तुमच्या दालनांच्या भिंतींवर मी वाचली आहेत. त्यांनी काही कळत नाही. मला एवढंच म्हणायचंय की रोज हाताळायची वस्तू कशी झिजते हे ज्याला घरात बघून ठाऊक आहे, त्याला पाटी लिहायच्या आधी विचारा. तो कोल्हापूरचा नसला तरी चालेल. पेंडे असेल तर सगळ्यात बरं.

हस्तिदंताचं थोडं बोलतो, कारण तो माझ्या हाताखालून गेलाय. एकोणिसाव्या शतकात पूर्व आफ्रिकेचा हस्तिदंत झांझिबारहून गलबतांनी मुंबईला यायचा. निम्मा पुढे लंडनला जायचा, उरलेल्याचे इथं चुडे व्हायचे. आमच्या आजोबांनी हस्तिदंती बांगड्यांना सोन्याच्या पट्ट्या बसवलेल्या आहेत, बापाला मदत करताना मीही त्या हाताळल्यात. १९९१ नंतर आफ्रिकेच्या हस्तिदंताचा व्यापारही आपल्याकडे कायद्यानं बंद झाला, आणि ते योग्यच झालं. तेव्हा इथं वाचणाऱ्यांनो, इंटरनेटवर ‘आफ्रिकन ताईत, अस्सल हस्तिदंत’ दिसलं तर हात लावू नका. खरा असेल तर गुन्हा, खोटा असेल तर रेझिन. पण हातात धरलेला हस्तिदंत विसरत नाही. अंगावर घातला की तो गरम होतो, सोन्यासारखा गार राहत नाही. आडव्या कापात बारीक तिरकी जाळी दिसते. हाडात जाळी नसते, बारीक टिपके असतात. मी पाहिलेल्या आठांतले दोन मला काचेबाहेरून हाडाचे वाटले. पाटीवर आठही हस्तिदंताचे होते. चूक माझी असेल, काच जाड होती. पाठ दिसली असती तर वाद मिटला असता.

दुसरा कप्पा डान लोकांचा. लायबेरिया आणि कोत दिव्वार (आयव्हरी कोस्ट) यांच्या सीमेवरचे हे लोक. लाकडाचे तळहातात मावतील असे काळेशार मुखवटे. पाटीवर लिहिलेलं: ‘पासपोर्ट मास्क’. मी दोनदा वाचलं. मला वाटलं कुणीतरी चेष्टा केलीय.

डान भाषेत त्याला मा गो म्हणतात, म्हणजे लहान डोकं. घरातल्या, गावातल्या मोठ्या मुखवट्यामागं रानातली एक शक्ती असते. तिचा अंश जवळ राहावा म्हणून हे धाकटं रूप. कापडात नाहीतर कातड्याच्या पिशवीत, अंगाजवळ, लोकांच्या नजरेआड. त्याला तेल चोळायचं, खाऊ घालायचं, त्याच्याशी बोलायचं. परगावी निघालं की ते बरोबर घ्यायचं, वाटेत राखण करायला. परक्या गावात आपण कोण, कुठल्या मुखवट्याचे, हे त्यावरून पटवताही यायचं. एवढाच धागा धरून गोऱ्या साहेबांनी आणि व्यापाऱ्यांनी त्याला पासपोर्ट म्हटलं, आणि शंभर कामांतलं एक काम नाव होऊन बसलं.

मी तुमच्या देशाच्या व्हिसासाठी मुंबईला जाऊन दहा बोटांचे ठसे दिलेत, बँकेचं पासबुक दाखवलंय, आणि परत जाणार याची खात्री म्हणून दुकानाचे कागद जोडलेत. पासपोर्ट काय असतो ते मला नीट ठाऊक आहे. त्याला कुणी तेल चोळत नाही.

हे मुखवटे तुमच्याकडे आले कसे, तेही पाटीवर नसतं. लायबेरियात गांता इथं डॉ. जॉर्ज हार्ली हे अमेरिकन मिशनरी डॉक्टर १९२० च्या दशकापासून दवाखाना चालवत होते. त्यांनी शेकडो मुखवटे जमवून हार्वर्डच्या पीबडी म्युझियमकडे पाठवले. माणूस कष्टाळू होता. त्यानं ऐकलं ते लिहून ठेवलं, म्हणून तर आज आपल्याला थोडंफार कळतं. पण जी वस्तू घरातल्या माणसांनाही सहज दाखवत नसत, ती आज दिव्याखाली आहे. औषधाला आलेल्या माणसानं कनवटीची राखण काढून द्यावी, यामागं काय काय असेल याचा विचार पाटी लिहिताना एकदा तरी व्हावा. कुणी खुशीनं दिली असेल. कुणी धर्म बदलला म्हणून दिली असेल, कुणी पैशांची नड म्हणून. सोनाराला मोड घालायला आलेल्या बाईचा चेहरा ओळखता येतो. तुमच्या नोंदीत नुसतं ‘देणगी’ असतं.

आणि हो, ‘मास्क’ हा शब्दच तुम्हाला अडवतो. तुमच्याकडे मास्क म्हणजे तोंड झाकायची वस्तू, आत कुणीतरी लपलेलं. मराठीत मुखवटा दोन्हीकडे चालतो. सोंग घेणाराही मुखवटा लावतो, आणि गौरीचा मुखवटा कलशावर बसला की ती गौर असते. त्यात कुणी डोकं घालत नाही. काँगोतल्या लेगा लोकांत तर मुखवटा दंडाला बांधतात, कुंपणाला टांगतात, दाढी धरून जमिनीवरून ओढतात. तोंडावर घालायची वेळ कमीच. आमच्या गिऱ्हाइकाला हे समजावायला पाच मिनिटं लागत नाहीत.

आता मुख्य मुद्दा. त्यासाठी लंडनच्या ब्रिटिश म्युझियमच्या तळमजल्याखालच्या आफ्रिका दालनात या.

तिथं इदियाचा मुखवटा आहे. वीतभराहून थोडा मोठा, हस्तिदंताचा. बेनिनच्या राज्यातला. हे बेनिन म्हणजे आजचा बेनिन देश नव्हे, नायजेरियातल्या एदो लोकांचं जुनं राज्य. राजाला तिथं ओबा म्हणतात. सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला ओबा एसिगिए गादीवर होता. भावाशी भांडण, मग शेजारच्या इदा राज्याच्या राजाशी लढाई, या सगळ्यांत त्याची आई इदिया मंत्र-औषधांनी आणि सल्ल्यानं त्याच्या पाठीशी उभी राहिली. त्यानं तिच्यासाठी ‘इयोबा’, राजमाता, हे पद निर्माण केलं आणि तिला स्वतःचा वाडा दिला. राजमाता म्हटल्यावर मराठी वाचकाला कोण आठवेल ते मी सांगायला नको. हा मुखवटा त्या इदियाचा, असं मानतात. कपाळावर लोखंडाच्या दोन उभ्या पट्ट्या जडवलेल्या, डोळ्यांच्या बाहुल्याही लोखंडी. डोक्यावर मुकुटासारखी दाढीवाल्या पोर्तुगिजांच्या चेहऱ्यांची ओळ. पंधराव्या शतकाच्या अखेरीस समुद्रातून आलेले हे लोक एदोंना समुद्रदेव ओलोकुनच्या मुलखातले वाटले. हस्तिदंताचा पांढरा रंगही ओलोकुनचाच. त्याचाच जोडीदार न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये आहे. त्याच्या मुकुटात पोर्तुगिजांच्या मधे मधे चिखलमासे आहेत, पाण्यातही जगणारे आणि जमिनीवरही.

कोरणी अशी आहे की मला पाच मिनिटं हलता आलं नाही. गालाचा उतार बघा. बेनिनमध्ये हस्तिदंत कोरणाऱ्यांची वेगळी पेठ होती, इग्बेसान्म्वान. मारलेल्या प्रत्येक हत्तीचा एक सुळा ओबाचा, आणि दुसरा विकत घ्यायचा पहिला हक्कही त्याचाच. गिऱ्हाईक एकच, पण कसं!

पण पाठ? मेट्रोपॉलिटनमधल्या जोडीदाराची पाठ पोकळ कोरलेली आहे. अडकवायची सोय आहे. त्या पोकळीत राखण करणारं औषध भरत असावेत, म्हणजे हे नुसतं पदक नव्हे, ताईत होता, असं तिथले अभ्यासकच म्हणतात. वाचल्यावर मी मुलीला म्हटलं, अगं, ही तर ताइताची पेटी! आमच्याकडे चांदीची करतात. वर नक्षी, आत भूर्जपत्र नाहीतर अंगारा, दोन्ही टोकांना कड्या. पेटीची नक्षी लोकांसाठी असते, आतलं घालणाऱ्यासाठी. पोराच्या गळ्यात सोन्यात मढवलेलं वाघनख बांधायचे, तेव्हाही नखाचं टोक बाहेर आणि मढवलेली बाजू अंगाला. इदियाचा चेहरा जगाकडे बघत होता आणि औषधाची बाजू तिच्या लेकाच्या, नातवा-पणतवांच्या अंगाला लागत होती. वर्षाच्या शुद्धीच्या सणात बेनिनचे ओबा आजही असे हस्तिदंती मुखवटे अंगावर घालतात, वाईट शक्तींना राज्याबाहेर घालवायला. नवे कोरून घेतलेले. जुने तुमच्याकडे आहेत ना.

ते कसे आले हे तुमच्या पाटीवर आहे, मान्य करतो. १८९७ च्या जानेवारीत बेनिनकडे निघालेल्या इंग्रज तुकडीवर हल्ला झाला, फेब्रुवारीत ‘शिक्षा’ म्हणून इंग्रज फौज आली, १८ फेब्रुवारीला शहर पडलं, वाडा जळाला, ओबा ओवोनरामवेनला कलाबारला हद्दपार केलं. तो १९१४ मध्ये तिकडेच वारला. मुखवटे सापडले त्याच्या झोपायच्या खोलीतल्या पेटीत. सर राल्फ मूर या अधिकाऱ्याकडे ते गेले, त्याच्या मृत्यूनंतर मानववंशशास्त्रज्ञ चार्ल्स सेलिगमनकडे. एक १९१० मध्ये ब्रिटिश म्युझियमनं घेतला, दुसरा, आता मेट्रोपॉलिटनमध्ये असलेला, १९५८ मध्ये नेल्सन रॉकफेलर या अमेरिकी धनाढ्यानं.

झोपायच्या खोलीतली पेटी. या तीन शब्दांपाशी मी अडलो. त्याच १८९७ मध्ये, प्लेगच्या तपासणीच्या नावाखाली, गोरे सोजीर पुण्यात बुटांसकट माजघरांत आणि देवघरांत शिरत होते. जूनमध्ये राणीच्या राज्यारोहणाच्या हीरकमहोत्सवाच्या रात्री चापेकरांनी रँडला गोळी घातली. हे आमच्याकडे शाळेतलं पोर सांगतं. त्याच राणीच्या त्याच वर्षात बेनिनचा वाडा लुटला गेला, हे मला पासष्टाव्या वर्षी कळलं. कपाटं उघडणारे हात वेगळे असतील, सरकार एकच होतं.

१९७७ मध्ये लागोसला आफ्रिकी कलांचा मोठा महोत्सव झाला, फेस्टॅक. त्याची खूण म्हणून इदियाचाच मुखवटा निवडला होता. नायजेरियानं लंडनकडे तो मागितला, महोत्सवापुरता. मिळाला नाही. वस्तू फार नाजूक आहे, तिकडचं हवामान सोसणार नाही, असं कारण पुढं आलं. जी वस्तू त्याच हवामानात चारेकशे वर्षं घामाला, औषधाला लागत होती, ती! शेवटी एदो कारागिरांनी नवा कोरून दिला.

आता तुम्ही म्हणाल, उसनं द्यायला आम्ही तयार आहोत. उसन्याचं आम्हाला ठाऊक आहे. जुलै २०२४ मध्ये व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमनं वाघनखं साताऱ्याला पाठवली, तीन वर्षांच्या बोलीवर. ती महाराजांचीच का, याची खात्री खुद्द त्या संग्रहालयानं दिलेली नाही आणि आमच्या इतिहासकारांतही त्यावर जुंपली. तो वाद बाजूला ठेवतो. साताऱ्यात रांगा लागल्या, लोक डोळे पुसत बाहेर आले. मीही रांगेत होतो. त्याच वर्षी घानातल्या कुमासीला अशांती राजांचे सोन्याचे दागिने गेले, ३२ वस्तू, त्याच संग्रहालयाकडून आणि ब्रिटिश म्युझियमकडून. तेही तीन वर्षांच्या बोलीवर. सातारा आणि कुमासी, दोघांच्या हाती एकाच नमुन्याचा कागद. आमच्या धंद्यात याला म्हणतात, गहाणाचा दागिना लग्नापुरता सोडवून नेणं. इथं मात्र गहाण कुणी ठेवलंच नव्हतं.

१९६३ चा कायदा आड येतो, हेही मला मुलीनं वाचून दाखवलं. ब्रिटिश म्युझियमच्या विश्वस्तांना वस्तू देऊन टाकता येत नाहीत. तो कायदा तुमच्या संसदेनं केला, तीच बदलेल. मी सोनार, मला त्यातलं कळत नाही. एवढं कळतं की लंडनमध्येच हॉर्निमन म्युझियमनं २०२२ मध्ये बेनिनच्या ७२ वस्तूंची मालकी नायजेरियाला दिली आणि जर्मनीनं त्याच वर्षी हजाराहून जास्त वस्तूंची. ज्यांच्या हातात द्यायचं होतं त्यांनी दिलं.

माझी मागणी दोन भागांत आहे आणि दोन्ही भाग सारखे मोठे नाहीत. मोठा भाग: जे पेटीतून उचललं ते पेटीच्या मालकाकडे जावं. बेनिनच्या बाबतीत मालक कोण, याचा निवाडा नायजेरियानं २०२३ मध्येच करून ओबांचं नाव लिहून ठेवलंय, त्यामुळे ‘द्यायचं कुणाला’ हा प्रश्न पुढे करू नका. हे काम माझ्या पत्रानं होणार नाही, ठाऊक आहे.

लहान भाग मात्र तुम्ही उद्या सकाळी करू शकता, त्याला संसद लागत नाही. पाटीवर लिहा: हे कुठं घालायचे, गळ्यात की कमरेला की कापडाच्या आत. रोज काय करायचे त्याचं, वाळूनं घासायचे की तेल चोळायचे. ज्यांचं त्यांच्या भाषेतलं नाव आधी, तुमचं नंतर. इखोको, मा गो. पासपोर्ट खोडा. ‘स्थिती मध्यम’ खोडा, झीज कशानं झाली ते लिहा. हाडाला हस्तिदंत म्हणू नका. जे दाखवायचंच नव्हतं असं त्या लोकांपैकी कुणी सांगेल ते दिव्याखालून काढा, आम्ही प्रेक्षक मरणार नाही. आणि पाठ दाखवा.

पाठ दाखवायला फार खर्च नाही. आमच्या दुकानात प्रत्येक कपाटात असतो तसा छोटा आरसा मागच्या बाजूला ठेवायचा, म्हणजे वस्तू न हलवता भोक, कडी, पोकळी सगळं दिसतं. फक्त सरळ उभा ठेवू नका, खालच्या अंगाला थोडा तिरका करून ठेवा. नाहीतर बघणाऱ्याला मुखवट्याची पाठ न दिसता स्वतःचंच तोंड दिसत राहील.

पुढच्या उन्हाळ्यात नातीच्या बारशाला यायचंय. तेव्हा बघायला येईन.

आपला,
गुजरीतला एक सोनार
कोल्हापूर